जुन्या संगणकाची ढिली बैठक



मानवतसारख्या कापसाच्या बाजारपेठेत एखाद्या आडत दुकानाच्या किंवा जिनिंगच्या माळ्यावर जुना ३८६ संगणक धूळ खात पडलेला असू शकतो. चालू करावा तर पडदा काळा आणि आतून नुसती पीं-पीं. असे यंत्र भंगारात घालण्याआधी अर्धा तास त्याला द्या, एवढेच मला आज सांगायचे आहे.

कारण त्यात जुना मराठी मजकूर असू शकतो. पुण्याच्या सी-डॅक या संस्थेच्या 'जिस्ट' कार्डामुळे डॉसच्या पडद्यावर देवनागरी उमटू लागली. ते कार्ड जुन्या बोर्डावरच्या आयएसए स्लॉटमध्ये बसते आणि आजच्या घरगुती संगणकांत तो स्लॉट नसतो. हार्ड डिस्क दुसरीकडे वाचता येईलही. पण तेव्हाची खाती आणि पत्रे तेव्हाच्याच प्रोग्राममध्ये उघडायची, तर जुने यंत्रच उभे करावे लागते.

ती पीं-पीं बहुधा मेमरीची तक्रार असते. ३८६ डीएक्समध्ये ३० टोकांच्या पट्ट्या चारच्या गटाने लागतात. प्रत्येक पट्टी ८ बिट देते, प्रोसेसरला एकदम ३२ हवे असतात. चौघींतली एक नीट टेकली नाही की सगळी पंगत उठते. पट्टी मात्र अनेकदा ठणठणीत असते. ढिले झालेले असते ते सॉकेट. उन्हाळ्याची तलखी, भारनियमनात वारंवार बंद-चालू होणे, रुईचा तूस आणि धूळ, यांनी धातूची टोके काळवंडतात. पट्टी धरून ठेवणारे प्लास्टिकचे कान ठिसूळ होऊन मोडतात.

इलाज स्वस्त आहे. आधी वायर काढा. कोरड्या हवेत अंगावर स्थिर वीज साठते, म्हणून कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावून मगच पट्टीला स्पर्श करा. पट्टीची टोके साध्या खोडरबराने हलकेच पुसा आणि त्याचा चुरा झटका. पॉलिश पेपर नको, त्याने मुलामा जातो. सॉकेट आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ ब्रशने धुवा, पूर्ण वाळू द्या. मग पट्ट्यांच्या जागा आपसात बदला. दोष पट्टीबरोबर सरकला तर पट्टी खराब, जागेवरच राहिला तर सॉकेट.

सॉकेटमधली एखादी पात दबली असेल, तर बारीक सुईने केसभर पुढे आणा. जास्त वाकवलीत तर मोडेल. कान मोडला असेल, तर पट्टी सरळ उभी राहील अशा बेताने शेजारच्या पट्टीला प्लास्टिकच्या केबल टायने आवळा. रबर बँड उन्हाळ्यात वितळून चिकटतो. सॉकेट उखडून नवे डाकणे हा शेवटचा उपाय, कारण त्यात बोर्डावरचे पातळ तांबे निघून येते.

बोर्डावर पिंपाच्या आकाराची छोटी बॅटरी असेल तर तीही पाहा. ती गळली की आम्ल नव्हे, क्षार बाहेर पडतो आणि तो तांबे खातो. ती कापून काढा. नंतर हार्ड डिस्कचे आकडे सेटअपमध्ये पुन्हा भरावे लागतील. ते डिस्कवरच्या चिठ्ठीवर बहुधा छापलेले असतात.

आणि यंत्र सुरू झालेच, तर जुने खेळ उघडत बसू नका. ढिली बैठक पुन्हा केव्हा सुटेल याचा नेम नाही. पहिल्या फेरीतच फाइलींची नक्कल करून घ्या.