घरी बनवलेले यंत्र, जुने यंत्र आणि श्रोत्याचा कान

ध्वनिमुद्रणाच्या क्षेत्रात एक वाद वारंवार उद्भवतो. एका बाजूस 1950 ते 1970 या काळातील नामांकित मायक्रोफोन, प्रवर्धक आणि मिक्सर असतात. त्यांचे आज उपलब्ध असलेले नमुने मोजके असून त्यांच्या किमती सामान्य कलावंताच्या आवाक्याबाहेर गेल्या आहेत. दुसऱ्या बाजूस असते एखाद्या हौशी तंत्रज्ञाने तोच आराखडा समोर ठेवून, सुटे भाग जमवून, घरच्या टेबलावर जोडलेले यंत्र. या दोहोंपैकी कोणाचा आवाज सरस, असा प्रश्न विचारला जातो. प्रस्तुत व्याख्यानाचे म्हणणे असे की, तुलना कशी केली हे ठरल्याखेरीज या प्रश्नाच्या उत्तराला काही अर्थ उरत नाही.

प्रथम ‘जुने’ आणि ‘घरचे’ या शब्दांचाच विचार करणे इष्ट होईल. लंडनमधील ॲबी रोड येथे ई.एम.आय. कंपनीचा स्टुडिओ नोव्हेंबर 1931 मध्ये सुरू झाला. तेथील पुष्कळशी साधने बाजारातून तयार आणलेली नव्हती. कंपनीच्या स्वतःच्या विकास विभागाने ‘रेड’ या नावाचे मिक्सर घडवले. त्यांपैकी ‘रेड-37’मध्ये जर्मन बनावटीचे ‘व्ही-72-एस’ प्रवर्धक होते. पुढच्या ‘रेड-51’साठी कंपनीने ‘रेड-47’ हा आपलाच प्रवर्धक तयार केला. आवाजातील चढउतार आवरणारा ‘आर.एस.-124’ हा कॉम्प्रेसर तर मुळात आल्टेक या अमेरिकन कंपनीचा होता, ई.एम.आय.च्या अभियंत्यांनी तो उघडून आपल्या गरजेप्रमाणे बदलून घेतला. आज ज्या यंत्रांना वारशाचा मान मिळतो, त्यांपैकी कित्येक त्या काळी अशा रीतीने घरचीच होती. मात्र त्या घरात मापनाची उत्तम उपकरणे होती आणि शंभर वेळा तपासून पाहण्याची शिस्तही होती. हौशी कारागिराने अनुकरण करावयाचे ते प्रथम या शिस्तीचे.

जुन्या यंत्रांना स्वतःचा असा ‘रंग’ असतो, ही निव्वळ कल्पना नव्हे. व्हॉल्व्हमधून जाताना ध्वनीच्या विद्युत्‌लहरींचा आकार किंचित बदलतो आणि मूळ स्वरासोबत बहुधा त्याच्या दुप्पट कंप्रतेचा एक मंद स्वर मिसळतो. ट्रान्सफॉर्मरच्या लोखंडी गाभ्यात बहुधा तिप्पट कंप्रतेचा स्वर निर्माण होतो, आणि हा परिणाम खर्जाच्या स्वरांत अधिक असतो. तंबोऱ्याच्या षड्जाच्या तारेतून जाणकारास गांधार ऐकू येतो, तो तारेच्या मूळ कंप्रतेच्या पाचपट कंप्रतेचा असतो. असे वरचे स्वर आवाजाला भरीवपणा देतात, हे भारतीय कानाला नव्याने सांगावयास नको. अंतर इतकेच की, तंबोऱ्यात ते वाद्याचे स्वतःचे असतात आणि येथे यंत्राने घातलेले. घरच्या यंत्रात व्हॉल्व्ह तोच असला तरी ट्रान्सफॉर्मर वेगळा असेल, तर हा रंग बदलतो. आणि हौशी प्रतिकृतींत बहुधा ट्रान्सफॉर्मरचीच काटकसर झालेली असते.

1949 साली नॉयमान कंपनीने बाजारात आणलेला ‘यू-47’ हा मायक्रोफोन या दृष्टीने बोलका आहे. त्याचा प्राण म्हणजे टेलिफुंकेनचा ‘व्ही.एफ.-14’ हा व्हॉल्व्ह. त्याची तार 55 व्होल्टसाठी योजलेली असताना तो 36 व्होल्टवरच चालवला जाई, आणि चाचणीत उतरलेल्या व्हॉल्व्हवर ‘एम’ हे अक्षर उमटवले जाई. पुढे या व्हॉल्व्हचे उत्पादन थांबले आणि त्यामागोमाग मायक्रोफोनचेही. सुरुवातीच्या मायक्रोफोनांतील पी.व्ही.सी.चा पडदा कालांतराने कडक होतो. प्रवर्धकांतील काही प्रकारचे संधारित्र सुकतात. म्हणून आज हाती येणारे जुने यंत्र त्याच्या जन्मदिवशीचा आवाज देईलच असे नाही. दोन जुने नमुनेही परस्परांशी जुळत नाहीत. अशा एका नमुन्याशी घरच्या एका यंत्राची तुलना करून काढलेला निष्कर्ष फार तर त्या दोन यंत्रांपुरता खरा असतो.

आता तुलनेच्या रीतीकडे वळू. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेतील फ्लेचर आणि मन्सन यांनी 1933 साली दाखवून दिले की, आवाजाची पातळी बदलली की खर्ज व तार स्वरांविषयीची कानाची संवेदनाही बदलते. दोन यंत्रांपैकी एक अर्ध्या डेसिबलने जरी मोठे वाजत असले, तरी ते ‘मोठे’ न भासता ‘भरदार’ आणि ‘स्पष्ट’ भासते. यास्तव दोन्हींची पातळी मोजयंत्राने, डेसिबलच्या दहाव्या हिश्श्यापर्यंत, सारखी करून घ्यावी लागते. प्रवर्धकांची तुलना करताना एकच गायन दोहोंतून न्यावे. गायकाने दोनदा गायिले तर यंत्रांऐवजी दोन गायनांचीच तुलना होते. मायक्रोफोनांच्या बाबतीत अडचण अधिक आहे. 10,000 कंपनांच्या स्वराची लहर हवेत जेमतेम साडेतीन सेंटिमीटर लांब असते. तेवढ्या अंतराने मायक्रोफोन सरकला तरी तार स्वरांचा तोल ढळू शकतो.

शेवटची अट सर्वांत कठीण, कारण ती अभिमानाला डिवचते. कोणते यंत्र वाजत आहे, हे ऐकणाऱ्यास कळता कामा नये. 1950 साली मन्सन आणि गार्डनर यांनी वर्णिलेल्या पद्धतीत ‘अ’ आणि ‘ब’ हे दोन आवाज ऐकवून तिसरा ‘क्ष’ ऐकवतात. तो ‘अ’ की ‘ब’ एवढेच सांगावयाचे असते. सोळा प्रयत्नांत किमान बारा उत्तरे निव्वळ अंदाजाने बरोबर येण्याची शक्यता शेकडा 4 हूनही कमी आहे. बारा बरोबर आली, तर भेद खरोखर ऐकू येतो असे मानण्यास आधार मिळतो. आठ-नऊच आली, तर तो भेद कानात होता की यंत्रावरील नावात, हा प्रश्न शिल्लक राहतो.

एवढ्यावरून सारे भेद भ्रामक ठरवणेही चुकीचे होईल. ॲबी रोड येथे 1968 साली व्हॉल्व्हऐवजी ट्रान्झिस्टरवर चालणारा नवा मिक्सर बसवला गेला आणि 1969 साली ‘बीटल्स’चा ‘ॲबी रोड’ हा संग्रह त्यावर मुद्रित झाला. जेफ एमरिक या ध्वनियंत्रकास ड्रमचा आघात पूर्वीसारखा ठसठशीत वाटेना. आवाज मऊ झाल्याचे त्याने नमूद केले. परंतु पुढे त्याच मऊ आवाजाने त्या संग्रहाला स्वतःचे व्यक्तित्व दिले. म्हणजे भेद खरा होता. तो उणीव आहे की गुण, हे मात्र यंत्राने नव्हे, संगीताने ठरवले.

या वादात पणाला लागते ती केवळ रक्कम नव्हे. नावापुढे नमणारा कारागीर आपल्या कानावरचा विश्वास गमावतो, आणि आपल्या हातच्या वस्तूवर भाळलेला कारागीर तिच्यातील गुणगुण ऐकूच शकत नाही. दोघांनाही औषध एकच : पातळी जुळवावी, नावे झाकावीत आणि मग ऐकावे. घरचे यंत्र या कसोटीला उतरले, तर त्याला कोणत्याही जुन्या नावाचा आधार लागत नाही. आणि न उतरले, तर ते कोठे सुधारावयाचे हे तेथेच कळते.