खडकीचें पाणी

दौलताबादच्या किल्ल्यापासून थोड्या कोसांवर, खडकी या खेड्याच्या जागीं, निजामशाहीचा हबशी कारभारी मलिक अंबर यानें १६१० सालीं नगर वसविलें. प्रदेश कमी पावसाचा. त्यांत मोगलांची सरहद्द जवळ. १६१६ सालीं मोगली फौजेनें नगराची राखरांगोळी केली. तरी अंबरानें जागा सोडली नाहीं. श्रोतेहो, लवकरच त्यानें डोंगरपायथ्याचें झिरपतें पाणी जमिनीखालच्या नहरींतून, केवळ उताराच्या बळावर, शहरांत खेळविलें. १६५३ नंतर औरंगजेबाच्या सुभेदारींत तेंच नगर औरंगाबाद झालें. २०२३ सालीं त्यास छत्रपति संभाजीनगर हें नांव मिळालें. आज शहराचें बहुतेक पाणी पैठणच्या जायकवाडी जलाशयांतून पंपांनीं चढवून आणावें लागतें. अंबराच्या नहरीस पंप ठाऊक नव्हता. उजाड माळावर पुन्हां वस्ती धरली ती तिच्याच आधारानें.