साठ चेहरे आणि आमच्या घरचा फोटो
(मंडळाच्या कौटुंबिक कार्यक्रमात केलेले भाषण)



मी लोकनिर्माण विभागातला डिप्लोमावाला उपयंत्री. साहित्यावर बोलायचा माझा अधिकार नाही, म्हणून एका व्हिडिओ गेमबद्दल बोलतो. हसू नका! यात मारामारी करायची नसते. वाचायचे आणि तर्क लावायचा.

गेमचे नाव 'रिटर्न ऑफ द ओब्रा डिन'. लुकास पोप यांनी तो जवळजवळ एकट्याने केला. २०१८ साली आला. गोष्ट १८०७ ची. ईस्ट इंडिया कंपनीचे हरवलेले जहाज माणसांविना परत येते. आपण विम्याचे निरीक्षक. जहाजावर साठजण होते. प्रत्येकाचे नाव काय आणि पुढे काय झाले, ते वहीत भरायचे. हाताशी नावांची यादी, सगळ्यांची चित्रे आणि मृताचा शेवटचा क्षण दाखवणारे घड्याळ. कोणाचा गणवेश, कोणाची बोली, कोणाच्या झोळीवरचा नंबर, यावरून माणूस ओळखायचा. तिघांची नोंद बिनचूक झाली, तरच गेम ती मान्य करतो. अंदाजपंचे फारसे चालत नाही.

मुलाबरोबर पंधरा दिवस रोज रात्री जेवणानंतर खेळलो. संपल्यावर त्याची नजर भिंतीवरच्या फोटोकडे गेली. आजोबांच्या मुंजीचा फोटो, चौदा माणसे. "बाबा, यातले किती ओळखता?" मला तिघेच आले. इंदूरला आमची ही पाचवी पिढी, आणि मला तिघे!

मग आम्ही वही घेतली. मुंडण केलेला बटू म्हणजे आजोबा. मांडीवर घेऊन बसल्या त्या पणजी. पगडीवाले बहुधा उपाध्ये. कोपऱ्यातल्या लाल आलवणातल्या बाईंना आम्ही पणजोबांची बहीण ठरवले. नऊ नावे भरली.

रविवारी वही घेऊन आत्याकडे गेलो. तिचे वय शहाऐंशी. तिने चष्मा पुसला आणि दोन नावे खोडायला लावली. आलवणातल्या बाई नात्यातल्या नव्हत्याच, शेजारच्या होत्या. पणजी आजारी असताना आजोबांना वर्षभर त्यांनीच जेवू घातले होते. ही गोष्ट फोटोवरून आम्हाला कधीच कळली नसती.

पाच चेहरे अजून रिकामे आहेत. आत्यालाही आठवत नाहीत. दहा वर्षांपूर्वी विचारले असते, तर थोरल्या काकांनी सांगितले असते.

गेममध्ये बरोबर की चूक ते गेमच सांगतो. घरी सांगणारी माणसे मोजकीच उरली आहेत. तेव्हा आज आरतीनंतर घरी गेलात की फोटो भिंतीवरून उतरवा, ज्येष्ठांना विचारा आणि मागे पेन्सिलीने नावे लिहा.

गणपती बाप्पा मोरया!