वेळेची मालकी



या व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हाला 'आजचा विद्यार्थी' हा विषय दिला, तेव्हा आम्हाला प्रथम हसूच आले. आमचे स्वतःचे विद्यार्थिपण फार थोडे. 1982 च्या संपात वडिलांची गिरणी बंद पडली आणि आमची शाळा सातवीतच सुटली. पुढे जे काही शिकलो ते युनियनच्या कचेरीतल्या कपाटातून आणि कामगारांच्या तोंडून. तेव्हा विद्यार्थ्यांना उपदेश करण्याचा अधिकार आम्हाला नाही. परंतु एका विद्यार्थ्याने आम्हाला जो धडा शिकवला तो सांगण्याचा अधिकार आहे, कारण त्याची किंमत आम्ही मोजली आहे. खरे म्हणजे दुसऱ्याच कोणाला तरी मोजावी लागली.

हा मुलगा वसईच्या पश्चिम पट्ट्यातला, कॅथलिक कुटुंबातला. आपल्यापैकी अनेकांना वसई म्हटले की 1739 साली चिमाजी अप्पांनी घेतलेला किल्लाच आठवतो. पण किल्ल्यापलीकडे वाड्या आहेत, बावखले आहेत, केळी, पानवेली आणि सोनचाफा आहे आणि त्या वाड्यांतून पिढ्यान्‌पिढ्या मराठी बोलणारा ख्रिस्ती समाज आहे. उस्मानाबादच्या 2020 च्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष फादर फ्रान्सिस दिब्रिटो हे याच मातीतले. आमचा हा विद्यार्थी घरी सामवेदी बोली बोलतो, मिस्सा मराठीत ऐकतो, कॉलेजात इंग्रजीत शिकतो आणि मोबाइलवर हिंदीत हसतो. चार भाषांचा हा धनी. पण त्याचा दिवस मात्र कोणाच्या मालकीचा, हा प्रश्न आहे.

त्याचा दिनक्रम त्यानेच आम्हाला सांगितला. पहाटे पाचला उठायचे, आईबरोबर चाफा खुडायचा, मग बस, मग लोकल. संध्याकाळी घरी आल्यावर सारे मिळून जपमाळेची प्रार्थना. त्यानंतर जेवण आणि अभ्यास. 'आणि अभ्यास' हे शब्द उच्चारताना तो थांबला. म्हणाला, "काका, वही उघडतो तेव्हा नऊ वाजलेले असतात. मोबाइल एकदाच बघू म्हणून घेतो. मान वर करतो तेव्हा साडेबारा. आणि खरं सांगू? मी बघत नसतो, माझा अंगठा बघत असतो."

हे वाक्य ऐकून आम्ही चमकलो. साच्यावर बारा-बारा तास उभे राहणारे जुने कामगारही असेच बोलत. आपण काम करीत नाही, हात करतो, असे ते सांगत.

आता तो आमच्याकडे का आला होता, ते सांगितले पाहिजे. त्याचे वडील वसईच्या पूर्वेकडील एका कारखान्यात वीस वर्षे होते. कारखाना गुंडाळला गेला आणि देणी राहिली. बापलेक दोघे आमच्या कचेरीत आले. वडील अबोल स्वभावाचे. ते अडखळत हकिगत सांगत होते आणि त्याच वेळी आमच्या खिशातला मोबाइल टिंगटिंग वाजत होता. कार्यकर्त्यांचा व्हॉट्सॲपवरचा गट. कोणी हाराचा फोटो टाकला होता, कोणी वाढदिवसाच्या शुभेच्छा. आम्ही एक डोळा तिकडे आणि एक कान इकडे ठेवून "हं, हं" म्हणत राहिलो. शेवटी "बघतो, करू काही तरी" असे म्हणून त्यांना वाटेला लावले.

पुढे समेट अधिकाऱ्यासमोर तारीख लागली. मालकाच्या माणसाने फाइलीतून एक कागद काढला. त्यावर या गृहस्थांची सही होती : सर्व हिशेब मिळाला, तक्रार नाही. आम्ही गोंधळून त्यांच्याकडे पाहिले. ते खाली मान घालून म्हणाले, "साहेब, त्या दिवशी सांगितलं होतं ना. कोऱ्या कागदावर सही घेतली म्हणून." सांगितले होते, आम्ही ऐकले नव्हते. तयारी नसल्यामुळे आमचे बोलणे लंगडे पडले. तडजोड झाली, पण मिळायला हवे होते त्याहून बरेच कमी पदरात पडले. बाहेर आल्यावर मुलगा एवढेच म्हणाला, "काका, तेव्हा तुम्ही मोबाइल बघत होता."

तीस वर्षे चळवळीत आहोत. मालकांच्या शिव्या खाल्ल्या, पोलिसांचा मार खाल्ला. पण त्या पोराच्या सहा शब्दांइतके आम्हाला काही लागले नाही.

बंधुभगिनींनो, या गोष्टीचा आम्ही पुष्कळ विचार केला. आम्हा युनियनवाल्यांची सारी लढाई वस्तुतः वेळेचीच आहे. 1884 साली नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईत गिरणी कामगारांची सभा भरवली. तिथल्या काही मागण्या पाहा : आठवड्यातून एक दिवस सुटी, दुपारी अर्धा तास विश्रांती, सकाळी साडेसहाला काम सुरू आणि सूर्यास्ताला बंद, पगार पंधरा तारखेच्या आत. या चारांपैकी तीन मागण्या वेळेच्या आहेत, पैशाची एकच. आणि तीही वेळेवर मिळण्याची! सहा वर्षे झगडल्यावर 1890 च्या जूनमध्ये रविवारची सुटी मान्य झाली. रविवार हा आमच्या खंडोबाचाही वार. आज आपण रविवारी उशिरा उठतो तेव्हा लोखंड्यांचे स्मरण किती जणांना होते?

नेमक्या पुढच्याच वर्षी, 1891 साली, रोममध्ये तेरावे पोप लिओ यांनी कामगारांविषयी 'रेरुम नोवारुम' हे परिपत्रक काढले. कामगारांना संघटना करण्याचा हक्क आहे, त्यांना विश्रांती मिळाली पाहिजे, माणूस थकून मोडेपर्यंत त्याला राबवू नये, असे त्यात आहे. आम्ही काही चर्चमध्ये जाणारे नव्हे. आमच्या वडिलांची पंढरीची वारी. पण हे वाचून आम्हाला लोखंड्यांच्या सभेतलाच आवाज ऐकू आला. 2025 च्या मे महिन्यात नवे पोप निवडले गेले आणि त्यांनी चौदावे लिओ हे नाव घेतले. त्याचे कारण त्यांनीच दिले : तेराव्या लिओंपुढे पहिल्या औद्योगिक क्रांतीचा प्रश्न होता, आज कृत्रिम बुद्धिमत्तेमुळे तसाच प्रश्न उभा आहे. म्हणजे यंत्र बदलले, पण माणसाचा प्रश्न तोच राहिला.

हे नवे यंत्र कसे चालते, ते थोडे पाहू. पूर्वी संगणकावरचे पान संपत असे. पान संपले की हात थांबतो आणि हात थांबला की मन विचारते, आता पुरे का? 2006 साली आझा रास्किन नावाच्या अमेरिकन तंत्रज्ञाने अशी युक्ती काढली की पान संपूच नये; खाली सरकत जावे तसा नवा मजकूर येतच राहावा. पुढे त्यालाच तिचा पश्चात्ताप झाला. आपल्याकडे 2016 नंतर इंटरनेट स्वस्त झाले आणि 2020 साली इन्स्टाग्रामवर रील आल्या. आता जो माल विकला जातो तो म्हणजे आपले लक्ष, आणि तो जाहिरातदारांना विकला जातो. गिरणीत निदान मस्टर होते, भोंगा होता, सुटी होत असे; जादा कामाला दुप्पट दर मागता येई. येथे ना मस्टर, ना भोंगा, ना सुटी, ना पगार. आणि गंमत अशी की कामगाराला वाटते, आपण विरंगुळा करतो आहोत!

तेव्हा या मुलाने काय केले? उपवासकाळ आला. ईस्टरपूर्वी हे लोक चाळीस दिवस काही ना काही सोडतात; कोणी मांस, कोणी दारू, कोणी गोड. याने रील सोडल्या. त्याच्या टेबलावर कार्लो अक्युटिस या इटालियन मुलाचे चित्र आहे. हा 1991 साली जन्मला, संगणकात हुशार, 2006 साली रक्ताच्या कर्करोगाने पंधराव्या वर्षी गेला आणि 2025 च्या सप्टेंबरात त्याला संतपद मिळाले. जीन्स घातलेला संत! व्हिडिओ गेम तो आठवड्यातून एकच तास खेळे, असे सांगतात. आमच्या विद्यार्थ्याने तोच नियम धरला.

नियम कसाबसा चार दिवस टिकला. त्यात आणखी एक अडचण. चाळीस दिवसांच्या मोजणीत रविवार धरीत नाहीत. मग हा पठ्ठ्या रविवारी सकाळी मिस्सा आटोपून जो मोबाइल घेऊन बसे, तो सहा दिवसांची भरपाई करूनच उठे. आमच्यात म्हण आहेच : एकादशी आणि दुप्पट खाशी! लोखंड्यांनी मिळवलेला रविवार असा त्याच्या हातून निसटत होता.

तो खिन्न होऊन म्हणाला, "काका, माझ्यात श्रद्धाच कमी." आम्ही म्हटले, "बाळा, तुझा संत ज्या वर्षी गेला त्याच वर्षी ती न संपणाऱ्या पानाची युक्ती निघाली. त्याला रीलशी झुंजावे लागले नाही. तू एकटा आहेस आणि समोर हजारो हुशार माणसे पगार घेऊन तुझा अंगठा हलवायला बसली आहेत. एकटा कामगार मालकाशी भांडला तर काय होते, ते तुझ्या बाबांना विचार."

पुढचे डोके मात्र त्याचे. त्याने घरात बोलणी केली. जपमाळेच्या वेळी बिस्किटांचा एक रिकामा डबा मूर्तीजवळ ठेवायचा आणि सर्वांचे मोबाइल त्यात. त्याचा, बहिणीचा, आईचा आणि बाबांचाही. प्रार्थना, जेवण आणि अभ्यास होईपर्यंत झाकण उघडायचे नाही. एकट्याने धरलेला उपवास मोडला होता. घराने धरलेला टिकला. बहिणीने दोनदा करार मोडला, तेही त्याने प्रामाणिकपणे सांगितले. पण मोडला हे कळले, कारण करार होता. ईस्टर झाल्यावरही डबा तिथेच आहे. त्या तासाभरात बाबा बोलू लागले, ही त्याला सर्वांत मोठी कमाई वाटते. कारखान्यातली कित्येक वर्षांची हकिगत त्याने तेव्हा प्रथम ऐकली.

आमच्या कचेरीतही आता तसाच एक डबा आहे. कामगार बोलू लागला की आमचा मोबाइल त्यात पडतो. पहिल्या आठवड्यात हात आपोआप खिशाकडे जाई, अजूनही जातो. पन्नाशी उलटल्यावर लागलेली सवय लवकर सुटत नाही. त्या गृहस्थांचे बुडालेले पैसे काही या डब्याने परत येणार नाहीत, हेही आम्ही जाणतो. पण त्यानंतर आलेल्या एका बाईंच्या बोलण्यात "कोरा कागद" हे शब्द आले, आणि ते आम्ही ऐकले.

तरुणांना दोष देऊन घरी जाऊ नका, एवढीच विनंती. त्यांच्या हातात हे यंत्र आपणच दिले आणि त्यांच्यासमोर आपणच त्यात डोके घालून बसलो. मालकी परत मिळवायची तर कायदे लागतील, कंपन्यांवर बंधने लागतील. ती लढाई मोठी आहे आणि ती संघटितपणेच लढावी लागेल. पण तिचे पहिले युनियन घरातच निघते. त्याला वर्गणी लागत नाही, रिकामा डबा पुरतो.

आज आपण तासभर आमचे ऐकलेत. मघापासून आम्ही पाहतो आहोत, पुढच्या दोन रांगांत एकाचाही मोबाइल बाहेर निघाला नाही. मागच्या रांगांचे आम्हाला दिसत नाही, तेव्हा तिथेही तसेच असेल असे आम्ही धरून चालतो.