ग्राम्य म्हणजे कुणाचं?



'ग्रामपंचायत' म्हणताना कुणाला लाज वाटत नाही. पण त्याच 'ग्राम'पासून झालेला 'ग्राम्य' हा शब्द कुणी आपल्या बोलण्याला लावला, की मान खाली जाते. खरं तर ग्राम म्हणजे गाव आणि ग्राम्य म्हणजे गावचं, एवढाच त्याचा मूळ अर्थ. मग त्यात असभ्यपणा कुठून शिरला?

जुन्या संस्कृत पंडितांनी कवितेतले दोष ठरवले, त्यात 'ग्राम्य' हा एक दोष धरला. अकराव्या शतकात काश्मीरच्या मम्मटाने 'काव्यप्रकाश' ग्रंथात त्याचं उदाहरण म्हणून कुठला शब्द दिला असेल? 'कटि', म्हणजे कंबर! ना शिवी, ना काही वावगं. चारचौघांच्या तोंडातला शब्द, म्हणून पंडितांना तो कवितेत खटकला. आणि आपला विठोबा तर कटेवर हात ठेवूनच उभा आहे. वारीला जाणाऱ्या बायकांना त्यात कधी काही वाईट दिसलं नाही.

इंग्रजीतही हेच झालं. 'व्हल्गर' म्हणजे आज अश्लील, पण तो आला लॅटिनमधल्या 'व्हल्गुस'वरून, म्हणजे सामान्य जनता. गणितात मात्र जुना अर्थ टिकला. पाव, अर्धा, पाऊण यांना इंग्रजीत 'व्हल्गर फ्रॅक्शन' म्हणतात. मराठी शाळेत त्यांनाच 'व्यवहारी अपूर्णांक' म्हणतात. मला हे नाव फार आवडतं. व्यवहार तर आपणच करतो!

'गावठी'चं बघा. अंडी गावठी असली की बाजारात दोन पैसे जास्त मिळतात. बोलणं गावठी असलं की तोंड वाकडं करतात.

आपला चंदगड तालुका 1956 पर्यंत बेळगाव जिल्ह्यात होता, आणि कोकण-गोवाही जवळच. म्हणून आपल्या बोलीत कोकणी आहे, कानडीही आहे. पण बचत गटाच्या बायका बँकेत गेल्या की पुस्तकातलं बोलायला बघतात, अडखळतात, आणि हप्ता का थकला हे सांगायचंच राहून जातं. साहेबाला वाटतं, बाईला काही कळत नाही.

ग्रामसभेच्या आधी महिलांची वेगळी ग्रामसभा घ्यायची, असं आपल्या राज्याचा कायदा सांगतो. तिथं कुठली मराठी बोलायची, अशी अट नाही. पाण्याचं, रेशनचं जे काही असेल ते घरी बोलता तसंच बोला. इतिवृत्त शुद्ध मराठीत लिहायला ग्रामपंचायत अधिकारी आहेत.