‘पडले तर?’ : एका भीतीविषयी थोडंसं

(स्नेहमेळाव्याच्या दुपारच्या सत्रातील भाषण)



आयोजकांनी मला सुचवलं होतं, ‘तू सॉफ्टवेअरमध्ये आहेस, एआयवर बोल.’ मी म्हटलं, त्यावर बोलू शकणारे आपल्या तुकडीत निदान सहा जण आहेत आणि सहाही जणांची मतं वेगळी आहेत. जेवणानंतर भांडण नको. म्हणून मी दुसरा विषय मागून घेतला. आपल्या बहुतेकांच्या घरी सत्तरीच्या पुढचं कोणीतरी आहे. समोर पहिल्या दोन रांगांत आपले गुरुजन बसले आहेत. आणि आपण स्वतः पंचेचाळिशीच्या आसपास पोहोचलो आहोत, गुडघे अधूनमधून हजेरी लावायला लागले आहेत. तर विषय आहे, वाढत्या वयात वाटणारी पडण्याची भीती.

पडण्याबद्दल आपण पुष्कळ ऐकतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी सुमारे ६ लाख ८४ हजार माणसं पडल्यामुळे दगावतात आणि त्यांत साठीच्या पुढची माणसं सर्वांत जास्त असतात. बाईमाणसाची हाडं पाळी थांबल्यावर लवकर ठिसूळ होतात, हेही आपल्याला ठाऊक आहे. खुब्याचं हाड मोडलं की शस्त्रक्रिया, अंथरूण, घरातल्यांची धावपळ, हे सगळं आपण कुठल्या ना कुठल्या घरात पाहिलेलं आहे. त्यामुळे ही भीती खुळी नाही. ‘भित्यापाठी ब्रह्मराक्षस’ म्हणून कोणाला गप्प करू नका. राक्षस खरोखरच आहे.

पण या भीतीचा स्वतःचा असा एक उपद्रव आहे आणि तो हिशेबात धरला जात नाही. माझ्या आईचं उदाहरण सांगते. तिची परवानगी घेतली आहे, ‘माझं वय सांगू नकोस’ एवढीच तिची अट आहे. आई जुन्या पनवेलमध्ये पहिल्या मजल्यावर राहते. तीन वर्षांपूर्वी शेजारच्या काकू बाथरूममध्ये घसरल्या आणि खुबा मोडून दोन महिने झोपून राहिल्या. आई स्वतः कधीही पडलेली नाही. तरी त्या पावसाळ्यात तिचं संध्याकाळी वडाळे तलावावर जाणं बंद झालं. कारण विचारलं तर म्हणाली, ‘शेवाळ किती झालंय!’ ते खरंच होतं. पण पाऊस संपला, शेवाळ वाळलं, आई काही गेली नाही. मग भाजी दारावर घ्यायला लागली. देवळात जायचं सोडलं, ‘देव घरातही आहे’ म्हणाली. मग महिन्याची भिशी सुटली, कारण ती दुसऱ्या मजल्यावरच्या मैत्रिणीकडे असायची. प्रत्येक वेळी कारण वेगळं आणि पटण्यासारखं. ऊन आहे, पाय दुखतात, मालिकेची वेळ आहे. एका वर्षात तिचं जग चार खोल्यांएवढं झालं आणि त्या वर्षात ती एकदाही पडली नाही.

आमच्या धंद्यात पडणं ओळखणं ही आता मोठी गोष्ट राहिलेली नाही. २०१८ साली अ‍ॅपलच्या घड्याळात ती सोय आली. हाताच्या हालचालीवरून जोराचं पडणं ओळखायचं आणि माणूस मिनिटभर हललाच नाही तर आपोआप मदतीला फोन लावायचा. उपयोगाची गोष्ट आहे, परवडत असेल त्यांनी जरूर घ्यावी. पण आईच्या त्या वर्षाची नोंद अशा घड्याळात काय झाली असती? पडण्याचे प्रसंग शून्य. सगळं ठीक. सोडून दिलेली भिशी मोजणारं यंत्र अजून कोणी केलेलं नाही.

डॉक्टरमंडळींच्या ही गोष्ट बरीच आधी लक्षात आली. १९८२ साली इंग्लंडमधल्या मर्फी आणि आयझॅक्स या दोघांनी असे वृद्ध रुग्ण पाहिले, जे एकदा पडल्यानंतर चालताना हाताला लागेल ते घट्ट धरून ठेवायचे आणि आधाराशिवाय पाऊल टाकायला तयार नसायचे. अमेरिकेत येल विद्यापीठातल्या डॉ. मेरी टिनेटी यांनी १९८८ साली एक पाहणी प्रसिद्ध केली. घरी राहणाऱ्या, पंचाहत्तरीच्या पुढच्या ३३६ जणांपैकी साधारण एक तृतीयांश माणसं एका वर्षात निदान एकदा पडली होती. मग १९९० साली त्यांनी भीती मोजण्याची पट्टीच तयार केली. रोजची दहा कामं घ्यायची आणि विचारायचं, न पडता हे करू शकाल असा किती विश्वास वाटतो?

पुढे २००५ साली युरोपातल्या संशोधकांनी या पट्टीत सोळा प्रश्न केले. ते वाचून मला गंमत वाटली, कारण त्यांत आपल्या घरातलंच सगळं आहे. आंघोळ करताना, कपडे घालताना, जिना चढता-उतरताना, ओल्या जमिनीवर, गर्दीत, चढ-उतारावर पडण्याची किती काळजी वाटते? फोनची रिंग थांबायच्या आत तो उचलायला जाताना किती वाटते? शेवटचा प्रश्न आहे, चारचौघांत, समारंभाला जाताना किती वाटते?

तो शेवटचा प्रश्न वाचून मला या मेळाव्याचे फोन आठवले. शिक्षकांना निमंत्रणाचे फोन करायचं काम माझ्याकडे होतं. ‘नाही येणार’ असं कोणीच म्हणालं नाही. पण एका बाईंनी विचारलं, ‘सत्काराला स्टेजवर चढावं लागेल का गं?’ एका सरांनी विचारलं, ‘हॉल कितव्या मजल्यावर आहे?’ दुसऱ्या एका सरांनी पहिल्यांदा ‘कंटाळा येतो आता’ म्हटलं आणि न्यायला-सोडायला गाडी येईल म्हटल्यावर त्यांचा कंटाळा गेला. सकाळी सगळ्या शिक्षकांचा सत्कार खुर्चीजवळ जाऊन केला, त्याचं कारण हे. आल्याबद्दल, आणि मोकळेपणाने विचारल्याबद्दलही, तुमचे मनापासून आभार.

बायका आणि पुरुष यांच्यात इथे एक फरक आहे. पाहण्यांमध्ये ही भीती सांगणाऱ्या बायकांचं प्रमाण जास्त असतं. पुरुषांना वाटत नाही असं मात्र मी म्हणणार नाही. माझ्या पाहण्यातले काका ‘भीती वाटते’ म्हणत नाहीत. ते म्हणतात, ‘काय करायचंय जाऊन?’ आणि पेपर उघडतात. घरच्यांना वाटतं स्वभाव बदलला, विरक्ती आली. जरा खोलात विचारलं की स्टेशनचा जिना निघतो.

आता या भीतीचं यंत्र कसं चालतं ते पाहू. भीती वाटते म्हणून माणूस कमी चालतो. कमी चालला की मांड्या आणि पोटऱ्या अशक्त होतात, तोल सांभाळायची सवय जाते. मग खरोखरच डगमगायला होतं आणि भीती वाढते. शिवाय भ्यालेला माणूस अंग ताठ करून, पावलांकडे बघत, छोटी पावलं टाकत चालतो आणि त्याने तोल जास्तच जातो. आम्ही इंजिनिअर याला फीडबॅक लूप म्हणतो, मराठीत दुष्टचक्र हा चांगला शब्द आहे. असं चक्र कुठूनही तोडता येतं. मात्र घरातली माणसं दर दहा मिनिटांनी ‘हळू, पडशील!’ म्हणतात तेव्हा ते आणखी जोरात फिरतं. हे प्रेमापोटी म्हटलं जातं, पण ऐकणाऱ्याच्या डोक्यात शेवटचा शब्दच राहतो.

तोडायची पहिली जागा म्हणजे पाय. न्यूझीलंडमध्ये ओटागो विद्यापीठाच्या मंडळींनी ऐंशी वर्षांच्या पुढच्या २३३ स्त्रियांवर केलेला प्रयोग १९९७ साली प्रसिद्ध झाला. त्यातल्या निम्म्या जणींना फिजिओथेरपिस्टने घरी येऊन पायांचे आणि तोलाचे व्यायाम शिकवले आणि फिरायला लावलं. त्यांच्यात पडण्याचे प्रसंग कमी झाले. लक्षात घ्या, ऐंशीच्या पुढे! २०१९ साली अशा १०८ चाचण्या एकत्र तपासल्या गेल्या, तेव्हा व्यायामाने पडण्याचे प्रसंग जवळजवळ एक चतुर्थांशाने कमी होतात असं दिसलं. हे व्यायाम आपल्या पी.टी.च्या तासापेक्षा सोपे आहेत. खुर्चीवरून हात न टेकता उठायचं आणि बसायचं. स्वयंपाकघराच्या ओट्याला धरून टाचा उचलायच्या. ओट्याला धरूनच एका पायावर उभं राहायचं. आपापल्या डॉक्टरांना किंवा फिजिओथेरपिस्टला विचारून सुरू करा.

दुसरी जागा म्हणजे घर आणि सवयी. आपल्या पनवेलला जूनपासून सप्टेंबरपर्यंत अंगण ओलं असतं. जुन्या घरांना उंच जोतं आणि दगडी पायऱ्या, नव्या टॉवरमध्ये आरशासारख्या टाइल्स. दोन्हीकडे घसरायची सोय सारखीच! बाथरूममध्ये भिंतीत पक्का बसवलेला दांडा हवा. टॉवेलची नळी धरू नये, ती हातात येते. रात्री बाथरूमच्या वाटेवर छोटा दिवा. सैल, झिजलेली चप्पल बाद. झोपेच्या किंवा रक्तदाबाच्या गोळ्यांनी उठताना गरगरत असेल तर डॉक्टरांना सांगायचं, गोळ्या मनानेच बंद करायच्या नाहीत. आणि काठी घ्यायची तर मापाची. सरळ उभं राहून हात सोडला की काठीची मूठ मनगटाच्या घडीशी यायला हवी आणि दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात ती धरायची. आई आधी छत्री टेकत चालायची, काठी म्हणजे म्हातारपण म्हणून. छत्रीचं टोक घसरतं, हे फिजिओथेरपिस्टबाईंनी तिला पटवलं तेव्हा काठी आली.

तिसरी जागा सर्वांत कमी बोलली जाते. आईला विचारलं, ‘तुला नक्की कसली भीती वाटते?’ मला वाटलं, हाड मोडण्याची म्हणेल. ती म्हणाली, ‘पडले आणि उठता आलं नाही तर? दुपारी घरात कोणी नसतं.’ पडण्यापेक्षा पडून राहण्याची भीती! म्हणून त्या बाईंनी तिला जमिनीवरून उठायला शिकवलं. आधी श्वास घेऊन पाहायचं, कुठे लागलंय का. खुब्यात फार दुखत असेल किंवा पाय हलत नसेल तर उठायचं नाही, हाक मारायची. नसेल तर कुशीवर वळायचं, मग हात-गुडघ्यांवर यायचं, रांगत पक्क्या खुर्चीपाशी जायचं, खुर्चीवर दोन्ही हात ठेवून एक पाऊल पुढे रोवायचं आणि उठायचं. सतरंजीवर तीन आठवडे सराव झाला. फोन आता गळ्यातल्या पिशवीत असतो. एक किल्ली शेजारी आहे.

आई आता वडाळे तलावावर जाते का? कोरडं असलं आणि सोबत असली तर जाते. भिशी मात्र तिच्या मैत्रिणींनीच खालच्या मजल्यावर आणली. भर पावसात ती आजही बाहेर पडत नाही आणि त्यावरून आम्ही तिच्याशी वाद घालत नाही. भीती गेलेली नाही. कुठे घाबरायचं आणि कुठे नाही, हे ती आता स्वतः ठरवते.

सगळाच भार म्हाताऱ्या माणसांच्या मनावर टाकणं बरोबर नाही. २०२२ पासून पंचाहत्तरीच्या पुढच्यांना एस.टी.चा प्रवास मोफत आहे. फार चांगलं झालं. पण तिकीट माफ झालं तरी गाडीची पहिली पायरी गुडघ्याएवढीच उंच आहे. उखडलेला फुटपाथ, कठडा नसलेला जिना, वेगात येणारी बाईक, यांना घाबरणारा माणूस शहाणाच म्हणायला हवा. तिथे समुपदेशन नको, गवंडी हवा.

म्हणून दोन विनंत्या करते. पहिली वर्गमित्रांना. घरी गेल्यावर आई-वडिलांना ‘पडला नाहीत ना?’ विचारण्याऐवजी विचारा, ‘हल्ली काय करायचं सोडलंत?’ उत्तर पहिल्या दिवशी येणार नाही. पुन्हा विचारा.

दुसरी विनंती आयोजकांना. या मेळाव्याच्या निधीतून शाळेला काय द्यायचं यावर सकाळपासून चर्चा चालू आहे. प्रोजेक्टर, संगणक ही नावं आली आहेत. संगणकावर पोट भरणारी मी सांगते, आधी शाळेच्या दर्शनी पायऱ्यांना दोन्ही बाजूंनी कठडा बसवू या. एका बाजूला आहे, तो भिंतीकडचा आणि हलणारा. धावत सुटणाऱ्या पाचवीच्या मुलांना तो लागेल, बाईंना लागेल आणि पंचवीस वर्षांनी आपल्याला लागेल. लोखंडाच्या कामाचं अंदाजपत्रक मी मागवलं आहे, ते चहाच्या टेबलावर ठेवलं आहे. कृपया पाहून जा आणि सही करा.

माझं बोलणं इथेच संपवते.