पहिला नग

(शाळेच्या हीरक महोत्सवानिमित्त भरलेल्या माजी विद्यार्थी मेळाव्यातील भाषण)



महोत्सवाच्या निधीतून शाळेत एक खुली कार्यशाळा उभारावी, असा विचार समितीने मांडला आहे. प्रवेशद्वाराची कमान आधी व्हावी, असेही काहींचे मत आहे. बंगळूरच्या पीण्या औद्योगिक क्षेत्रात यंत्रांच्या सहवासात आयुष्य घालवलेला या शाळेचा विद्यार्थी म्हणून या प्रश्नावर बोलण्याची आज्ञा मला झाली आहे.

१९७०च्या दशकात आकारास आलेले पीण्या हे लहान-मध्यम कारखान्यांचे अफाट गाव आहे. तिथे एकाच्या शेडमध्ये लोखंड कापले जाते, दुसऱ्याकडे लेथवर घडते, तिसऱ्याकडे त्याला पाणी दिले जाते आणि चौथ्याकडे मुलामा चढतो. हजार नगांची ऑर्डर असेल तर हे चक्र सुरळीत फिरते. परंतु एखादा तरुण डोक्यातली कल्पना घेऊन आला आणि म्हणाला, ‘मला एकच नग हवा’, तर कारखानदार संकोचतो. यंत्राचे सेटिंग बदलण्यात अर्धा दिवस जातो. तो खर्च एका नगावर कसा पडावा? त्यात त्याचा दोष नाही. पण पुष्कळ कल्पना याच उंबरठ्यावर विरून जातात. शिवाय दुसऱ्याच्या ड्रॉइंगवर जॉबवर्क करणाऱ्याला स्वतःचे उत्पादन काढायचे असेल, तरी त्याचीही अडचण हीच असते.

विद्यापीठांतील ‘मेकरस्पेस’ या पहिल्या नगासाठी असतात. तिथे हत्यारे, छोटी यंत्रे आणि मार्गदर्शक एकत्र मिळतात, आणि चुकण्याची मुभाही मिळते. अशा खोलीला पीण्यासारखा शेजार लाभला, तर एका नगाचे दहा आणि दहाचे हजार होण्याची वाट मोकळी होते. अभियांत्रिकी शिक्षण देणाऱ्या एका विद्यापीठाचे संकुल खुद्द पीण्यात आहे. जवळच्याच भारतीय विज्ञान संस्थेत १९७४ साली प्रा. अमूल्य रेड्डी यांच्या पुढाकाराने ‘अ‍ॅस्ट्रा’ हा उपक्रम सुरू झाला. विज्ञान खेड्याच्या उपयोगी पडावे, हा त्याचा हेतू. तिथल्या संशोधकांनी कमी सरपणात चालणारी चूल घडवली. चुलीसमोर बसणाऱ्या बाईची अडचण हाही विद्यापीठाचा विषय होऊ शकतो, हे त्यातून दिसले.

आपल्या महाराष्ट्रातील उदाहरण तर याहून बोलके आहे. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी हिंदुस्तान लिव्हरच्या संशोधन केंद्रातील नोकरी सोडून १९८३ साली पुणे जिल्ह्यातील पाबळ येथे विज्ञान आश्रम स्थापन केला. शाळा सुटलेली मुलेही तिथे वेल्डिंग, बांधकाम, शेती, वीजजोडणी करत करत शिकू लागली. पुढे अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीचे नील गर्शनफेल्ड यांच्या ‘फॅब लॅब’ कल्पनेला अमेरिकेबाहेर जी पहिली घरे मिळाली, त्यांत २००२ साली पाबळचे नाव लागले.

बेळगावकरांना हे नवे वाटू नये. मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवणारे लक्ष्मणराव किर्लोस्कर याच गावी आले, सायकलींच्या दुकानात रमले आणि पुढे लोखंडी नांगराकडे वळले. तो नांगर सुरुवातीला कोणी घेईना. लोखंडाने जमीन नासते, असा समज होता. पहिला नग घडवणे जितके कठीण, तितकेच तो लोकांच्या गळी उतरवणेही. म्हणूनच, ज्यांच्यासाठी वस्तू करायची ती माणसे कार्यशाळेत आरंभापासून यायला हवीत.

यावरून माझ्या तीन विनंत्या आहेत. पहिली, ही खोली संध्याकाळी गावासाठी उघडी राहावी. शेतकरी, सुतार, शिवणकाम करणाऱ्या भगिनी यांनी आपली अडचण घेऊन यावे आणि मुलांनी ती सोडवून पाहावी. दुसरी, तिथे शिक्षकांबरोबर एक अनुभवी मिस्त्री मानधनावर नेमावा. २०१६ पासून ‘अटल टिंकरिंग लॅब’ योजनेतून अनेक शाळांना अशा प्रयोगशाळांसाठी अनुदान मिळाले. परंतु यंत्रे आणणे सोपे असते. ती रोज वापरात ठेवणारा माणूस मिळणे अवघड असते, आणि तो नसेल तर यंत्रांवर आच्छादन चढते. म्हणून निधीतील मोठा वाटा यंत्रांऐवजी माणसासाठी राखून ठेवावा. तिसरी, उद्यमबागेतील ओतशाळा आणि तिथलेच अभियांत्रिकी महाविद्यालय यांच्याशी शाळेने नाते जोडावे. पीण्यात जो शेजार आहे, तो लहान प्रमाणात आपल्या दारातही आहे.

पालकहो, प्रत्येक मूल उद्योजक होईल, असे आश्वासन मी देणार नाही. कित्येक नमुने फसतील. तथापि आज आपली मुले बंगळूर-पुण्याला जातात ती बहुधा दुसऱ्याची ऑर्डर पुरी करण्यासाठी. त्यांतील काहींनी जरी आपली कल्पना हातात घेऊन जावे, किंवा ती घेऊन इथेच राहावे, असे वाटत असेल, तर पहिला नग घडवण्याची जागा आपणच त्यांना द्यायला हवी. कमान पुढच्या वर्षीही उभी करता येईल. आज आठवीत असलेले मूल मात्र तोवर नववीत गेलेले असेल.